सरकार नसलेल्या जगाचा अभ्यास

१. वाचकाचा पहिला प्रश्न

जागतिक राजकारण, कारभार आणि सुरक्षा हे विषय विद्यापीठात शिकवले जातात असे कळल्यावर अनेक पालक आणि विद्यार्थी एक रास्त शंका काढतात: युद्धे, तह, निर्बंध आणि शिखर परिषदा यांच्या बातम्या वर्तमानपत्रात रोज येतातच, मग तीन किंवा पाच वर्षे खर्चून त्यांत आणखी शिकण्यासारखे उरते काय? ‘अधिक माहिती मिळते’ हे उत्तर येथे पुरत नाही, कारण माहिती आज कोणालाही सहज मिळते. बातमी काय घडले ते सांगते. ते का घडले याविषयी मात्र एकाच वेळी अनेक दावे केले जातात, त्यांतले काही परस्परविरोधी असतात आणि प्रत्येक दावा करणाऱ्याचा काही ना काही हितसंबंध असतो. हे दावे शेजारी शेजारी ठेवून, कोणता दावा घटनेचा किती भाग उलगडतो आणि कोठे अपुरा पडतो हे तपासण्याची शिस्त म्हणजे हा अभ्यास होय.

ही शिस्त कशी काम करते हे पाहण्यासाठी या प्रकरणात बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण वापरले आहे, ते म्हणजे दादरा-नगर हवेली आणि गोवा यांवरून भारत आणि पोर्तुगाल यांच्यात १९५४ ते १९६१ या काळात चाललेला वाद. हे उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे, आणि अवघ्या सात वर्षांत ते आंतरराष्ट्रीय न्यायालय, सुरक्षा परिषद आणि रणभूमी या तिन्ही ठिकाणी पोहोचल्यामुळे विषयाच्या जवळजवळ सर्व मूलभूत संकल्पना त्यात सापडतात.

२. विषय जन्मला कसा

राजे, सेनापती आणि वकील शतकानुशतके परराष्ट्र व्यवहार करत आले असले, तरी त्याचा स्वतंत्र विद्यापीठीय विषय होण्यास पहिले महायुद्ध कारण ठरले. लक्षावधी तरुणांचा बळी घेणारे हे युद्ध टाळता आले असते का, हा प्रश्न युरोपसमोर उभा असताना १९१९ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या भगिनींनी युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली, आणि अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव त्या अध्यासनाला देण्यात आले. राष्ट्रांनी एकत्र येऊन संस्था उभारल्या आणि कायदा मानला तर युद्धाला आळा बसेल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

१९३६ मध्ये याच अध्यासनावर आलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ च्या ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ या ग्रंथात या श्रद्धेवर कठोर टीका केली. जग कसे असावे याच्या उत्कट इच्छेपोटी जग कसे आहे याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. ‘असावे’ आणि ‘आहे’ यांतला हा ताण पुढे या विषयाचा कायमचा भाग बनला.

भारतात दिल्लीला १९४३ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही संस्था स्थापन झाली, १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षणविषयक संशोधनाची जी संस्था निघाली, तिला २०२० मध्ये मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तर मुंबई विद्यापीठात हा विषय राज्यशास्त्राच्या विभागात शिकवला जातो.

३. पहिली संकल्पना: सार्वभौमत्व

विद्यार्थ्याला सर्वांत आधी सार्वभौमत्व ही संकल्पना समजून घ्यावी लागते. एखाद्या भूप्रदेशावर अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार एका राज्याकडे असणे आणि तो अधिकार इतर राज्यांनी मान्य करणे, असे तिचे दोन भाग आहेत. १६४८ च्या वेस्टफालिया तहांपासून ही कल्पना रूढ झाली असे पाठ्यपुस्तके सांगत आली. अलीकडचे इतिहासकार मात्र ते तह मुख्यतः पवित्र रोमन साम्राज्याच्या अंतर्गत घडीविषयी होते आणि समान दर्जाच्या सार्वभौम राज्यांची कल्पना पुढे हळूहळू घडत गेली, असे दाखवून देतात.

ही संकल्पना प्रत्यक्षात किती गुंतागुंतीची असते हे दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात दिसते. दमणपासून आत असलेले आणि चहूबाजूंनी भारतीय हद्दीने वेढलेले हे दोन प्रदेश १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले, आणि ते परत घेण्यासाठी भारतीय हद्दीतून सैन्य नेण्यास भारताने पोर्तुगालला नकार दिला. तेव्हा १९५५ च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगाल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याच्या दाव्याचे एक मूळ पुणे दरबाराशी १७७९ मध्ये झालेल्या तहात आणि त्यानंतर १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदांत होते. पेशव्यांनी हे प्रदेश आपल्याला कायमचे दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. भारताच्या मते मराठ्यांनी केवळ सरंजाम म्हणून बारा हजार रुपयांच्या महसुलाची सोय करून दिली होती आणि प्रदेशावरचा अंतिम अधिकार स्वतःकडेच ठेवला होता.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाच्या आणि सनदांच्या अर्थाबाबत भारताचे म्हणणे मान्य केले: मराठ्यांनी महसूल दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. परंतु न्यायालय तेथेच थांबले नाही. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांचा तेथील अंमल प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केला, स्वतंत्र भारतानेही सुरुवातीला तो मूकपणे चालू दिला, आणि त्यामुळे पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारातून सिद्ध झाले, असेही न्यायालयाने म्हटले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता, आणि भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असा निष्कर्ष निघाला. मूळ कागद, प्रत्यक्ष ताबा आणि इतरांची मान्यता या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिशांना ओढत असताना सार्वभौमत्व ठरवावे लागते, हा यातला धडा आहे.

४. दुसरी संकल्पना: अराजक

एका राज्याच्या आत तंटा झाला तर वर न्यायालय असते, त्याच्या हुकमाची अंमलबजावणी करणारे पोलीस असतात आणि दोघांनाही बांधून ठेवणारा कायदा असतो. राज्याराज्यांमध्ये अशी सर्वांच्या वरची सत्ता नाही. या स्थितीला अभ्यासक ‘अराजक’ म्हणतात. येथे या शब्दाने गोंधळ किंवा दंगल सुचवायची नसून केवळ वरिष्ठ सत्तेचा अभाव सुचवायचा असतो, आणि त्यामुळे अराजक असूनही शांतता नांदू शकते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाची रचनाच या अभावाची साक्ष देते. तेथे पंधरा न्यायाधीश असतात, त्यांची मुदत नऊ वर्षांची असते आणि त्यांचा निकाल त्या त्या खटल्यातील पक्षांवर बंधनकारक असतो. तथापि एखाद्या देशाने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वतःहून मान्य केल्याशिवाय त्याला तेथे उभे करता येत नाही. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी ही मान्यता दिली आणि तीनच दिवसांनी भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. अर्ज ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही असे सांगणारे सहा प्राथमिक आक्षेप भारताने घेतले, त्यांपैकी चार न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळले आणि उरलेल्या दोहोंचा विचार मुख्य सुनावणीबरोबर करण्याचे ठरवले. खटल्यात आपला न्यायाधीश नसलेल्या पक्षाला त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो, आणि त्या तरतुदीनुसार भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांना नेमले होते. न्यायालय आहे, कायदा आहे, कसून युक्तिवाद होतो, पण दाराशी येणे मात्र संमतीवर अवलंबून असते, असे हे जग आहे.

५. तिसरी संकल्पना: सरकारविना कारभार

वरिष्ठ सत्ता नसेल तर पत्रे देशोदेशी पोहोचतात कशी, विमाने एकमेकांच्या हद्दीतून सुरक्षित जातात कशी आणि जहाजे एकाच प्रकारचे नियम पाळतात कशी? याचे उत्तर ‘जागतिक कारभार’ या संकल्पनेत आहे. सरकार म्हणजे हुकूम देणारी संस्था. कारभार म्हणजे सामायिक कामे पार पाडण्याची व्यवस्था, आणि ती हुकमाशिवायही उभी राहू शकते.

धुळे आणि नाशिक भागांतील जुनी फड पद्धत हे याचे घरचे उदाहरण म्हणता येईल. पांझरेसारख्या नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने द्यायची आणि तंटा पंचांनी मिटवायचा, अशी ही व्यवस्था शेतकऱ्यांनीच चालवली. नियम मोडणाऱ्याचे नुकसान लगेच दिसते आणि नियम पाळल्याचा लाभ प्रत्येक हंगामात मिळतो, म्हणून ती टिकते. जागतिक टपाल संघटनेचा पाया याच तर्कावर उभा आहे. १८७४ मध्ये बर्न येथे २२ देशांनी करार करून टपालापुरते सर्व सदस्यदेश म्हणजे एकच प्रदेश असे मानले. पाठवणाऱ्याने आपल्या देशाचे तिकीट लावायचे आणि पोहोचवणाऱ्या देशाने ते ग्राह्य धरायचे. एखाद्या देशाने परकी पत्रे नाकारली तर त्याच्या स्वतःच्या नागरिकांची पत्रेही अडकून पडतील, एवढा धाक पुरेसा ठरला. फड आणि जग यांत एक मोठा फरक मात्र विसरता येत नाही: फडातील शेतकरी एकमेकांना रोज भेटतात आणि पंचांच्या वर सरकारी न्यायालय असते, राष्ट्रांच्या बाबतीत ही दोन्ही आश्वासने नसतात.

म्हणूनच हा कारभार काही क्षेत्रांत भक्कम आहे आणि काही क्षेत्रांत तो कोसळतो. ओझोन थराचा नाश करणाऱ्या रसायनांवर बंधन घालणारा १९८७ चा माँट्रियल करार यशस्वी मानला जातो, कारण धोका सर्वांना सारखा होता, पर्यायी रसायने उपलब्ध होत गेली आणि विकसनशील देशांना अधिक मुदत व आर्थिक साहाय्य मिळाले. याउलट जागतिक व्यापार संघटनेत तंट्यांवरील अपील ऐकणारे मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प आहे, कारण सदस्यांच्या नव्या नेमणुकांना अमेरिका संमती देत नाही आणि नेमणुकीसाठी सर्वांची संमती लागते.

६. चौथी संकल्पना: सुरक्षा कोणाची आणि कशापासून

सुरक्षेच्या अभ्यासाची सुरुवात ‘सुरक्षापेच’ या कल्पनेने होते. जॉन हर्झ यांनी ती १९५० मध्ये मांडली. समजा ‘अ’ आणि ‘ब’ या दोन देशांकडे प्रत्येकी शंभर रणगाडे आहेत आणि हल्ल्याचा हेतू कोणाचाच नाही. केवळ खबरदारी म्हणून ‘अ’ने आणखी वीस घेतले, ‘ब’ला त्याच्या मनातले दिसत नाही, रणगाडे तेवढे दिसतात, म्हणून तो तीस घेतो, ते पाहून ‘अ’ पुन्हा वाढवतो. काही वर्षांनी दोघांचा खर्च वाढलेला असतो आणि दोघेही आधीपेक्षा कमी सुरक्षित असतात. कोणी दुष्ट नसतानाही युद्धाची शक्यता वाढते, हे या पेचाचे सार आहे. वरिष्ठ सत्तेच्या अभावात भरवसा कोणावर ठेवायचा हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

अण्वस्त्रांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. हल्ला केल्यास होणारी हानी असह्य असेल हे आधीच पटवून देऊन प्रतिस्पर्ध्याला रोखणे, याला प्रतिरोधन म्हणतात. १९६८ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि १९७० पासून लागू असलेला अण्वस्त्र प्रसारबंदी करार १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाचच देशांना अण्वस्त्रधारी मानतो. भारताने हा भेद मान्य केला नाही, करारावर सही केली नाही आणि १९७४ व १९९८ मध्ये पोखरण येथे चाचण्या केल्या. कायदा सर्वांना सारखा असावा हा आग्रह आणि शस्त्रे कमीत कमी देशांकडे असावीत ही गरज यांतला संघर्ष या एका करारात पुरता दिसतो.

१९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अहवालाने, ज्याची आखणी महबूब उल हक यांनी केली होती, आणखी मूलभूत प्रश्न विचारला: सीमा सुरक्षित असलेल्या देशात माणसे उपासमारीने, रोगाने किंवा स्वतःच्याच सरकारच्या जुलमाने मरत असतील, तर सुरक्षा कोणाची झाली? या मानवी सुरक्षेच्या विचारामुळे अन्न, आरोग्य आणि पर्यावरण हे विषय अभ्यासक्रमात आले. दोन्ही विचारांची सांगड घालणे किती कठीण असते हे मुंबईच्या किनाऱ्यावर दिसते. २६ नोव्हेंबर २००८ चे दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले आणि वाटेत त्यांनी एक भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेतली. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली आणि मच्छीमारांच्या ओळखपत्रांची व नौकांच्या नोंदणीची मोहीम सुरू झाली. राज्याच्या दृष्टीने तीच नौका संशयाची जागा असते, तर कोळी कुटुंबाच्या दृष्टीने ती उपजीविकेचे साधन असते. घटत्या मासळीची चिंता हाही त्या कुटुंबाच्या सुरक्षेचाच प्रश्न असतो. चांगला अभ्यास या दोहोंपैकी एकाला खोटे ठरवत नाही.

७. एक मतदान, तीन सिद्धांत

सिद्धांत म्हणजे कारणांविषयीचा सुसंगत दावा. गोवा मुक्तीच्या उदाहरणावर तीन प्रमुख सिद्धांत तपासून पाहता येतात.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद भरली. बळाचा वापर निषिद्ध ठरवणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील तत्त्वाचा आधार घेऊन युद्धबंदी आणि भारताची माघार मागणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. परिषदेत तेव्हा अकरा सदस्य होते आणि ठराव संमत होण्यास सात मते लागत. ठरावाच्या बाजूने नेमकी सात मते पडली; विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक अशी चार पडली. केवळ संख्येवर निर्णय झाला असता तर ठराव संमत झाला असता, परंतु सोव्हिएत संघाचे मत कायम सदस्याचे असल्यामुळे ते नकाराधिकार ठरले आणि ठराव पडला. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

वास्तववाद हा सिद्धांत म्हणतो की अराजक जगात राज्ये सामर्थ्य आणि हितसंबंध पाहून वागतात. भारताचे सैनिकी बळ अनेक पटींनी मोठे होते, सोव्हिएत संघाला आशिया-आफ्रिकेत मित्र हवे होते, आणि नाटोमधील मित्र असलेल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील हवाई तळ अमेरिकेला हवा होता. निकाल आणि मतदान यांचा बराच भाग यातून उलगडतो. परंतु भारत १९५० मध्येही पोर्तुगालहून बलवान होता. मग स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षे तो का थांबला, याचे उत्तर या सिद्धांतात सापडत नाही.

उदारमतवादी सिद्धांत संस्था, व्यापार आणि प्रतिष्ठा यांवर भर देतो. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या नेहरूंच्या सरकारला बळाचा वापर महागात पडणार होता, म्हणून वाटाघाटी आणि आर्थिक निर्बंध हे मार्ग आधी चोखाळले गेले. या सिद्धांताने थांबण्याचे कारण कळते. संयम शेवटी का सुटला याचे कारण मात्र अर्धवटच कळते.

रचनावाद हा तिसरा सिद्धांत सांगतो की हितसंबंधसुद्धा सामायिक कल्पनांतून घडतात आणि कल्पना बदलल्या की वर्तन बदलते. एकोणिसाव्या शतकात वसाहत बाळगणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा महासभेत ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, पोर्तुगालसह नऊ देश तटस्थ राहिले आणि विरोधात मत देण्याचे धैर्य कोणीही दाखवले नाही. त्या एकाच वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले होते. वसाहत ही मालमत्ता नसून अन्याय आहे असे बहुतेक जग मानू लागल्यावर भारतावरील टीका फार काळ टिकली नाही, आणि १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यावर पोर्तुगालनेही गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि कल्पना बदलली असली तरी गोवा नेमक्या त्याच आठवड्यात का मुक्त झाला, हे या सिद्धांतानेही ठरवता येत नाही.

८. कारण कोठे शोधावे: तीन पातळ्या

केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाची कारणे व्यक्ती, राज्य आणि राज्यांची व्यवस्था अशा तीन पातळ्यांवर शोधण्याची पद्धत मांडली. व्यक्तीच्या पातळीवर पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हट्ट दिसतो. त्यांनी गोव्यातील सैन्याला अखेरपर्यंत लढण्याचा आदेश दिला, आणि वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळल्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. राज्याच्या पातळीवर पोर्तुगालमधील हुकूमशाही दिसते, जिने १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव देऊन तडजोडीचा मार्गच बंद केला. भारतात १९६२ च्या फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणुका होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते, हेही याच पातळीवरचे तथ्य आहे. व्यवस्थेच्या पातळीवर शीतयुद्ध आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची वाढती संख्या दिसते. विद्यार्थ्याने ‘खरे कारण कोणते’ असे विचारण्याआधी, कोणत्या पातळीवरचे कारण नसते तर घटना घडलीच नसती, आणि कोणते नसते तर ती फक्त उशिरा घडली असती, हे विचारायचे असते.

९. वर्गात प्रत्यक्ष काय करतात

या विषयात प्रयोगशाळा नसते, पुरावा मात्र असतो. पहिला पुरावा कागदपत्रांचा: सुरक्षा परिषदेतील भाषणांचे शब्दशः वृत्तांत आणि न्यायालयाचे निकाल कोणालाही वाचता येतात, आणि विद्यार्थी त्यांतील प्रत्येक युक्तिवाद कोणत्या तत्त्वावर उभा आहे हे वेगळे काढायला शिकतात.

दुसरा पुरावा संख्येचा. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या एका प्रकल्पाने १८१६ पासूनच्या युद्धांची सूची तयार केली, आणि तिच्यात येण्यासाठी लढाईत किमान एक हजार मृत्यू झालेले असावेत अशी अट घातली. १९६२ चे भारत-चीन युद्ध या सूचीत येते; दोन्ही बाजूंचे मृत्यू मिळून शंभरही न भरलेली गोव्याची कारवाई येत नाही. म्हणजे युद्धे किती वेळा होतात या प्रश्नाचे उत्तर युद्धाची व्याख्या काय केली यावर अवलंबून राहते, आणि आकडा पाहिला की व्याख्या विचारण्याची सवय विद्यार्थ्याला येथे लागते.

तिसरी पद्धत अभिरूपाची: विद्यार्थी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन एखाद्या संकटावर वाटाघाटी करतात, आणि आपल्याला न पटणारी भूमिका प्रामाणिकपणे मांडताना प्रतिपक्षाची अडचण त्यांना उमगते. या सर्व साधनांनी भविष्य कळते असे मात्र नाही. १९९१ मधील सोव्हिएत संघाचे विघटन या विषयातील फारच थोड्यांना आधी दिसले होते, आणि त्या अपयशातूनच देशांतर्गत समाज आणि कल्पना यांच्या अभ्यासाला नवे बळ मिळाले.

१०. तीन प्रश्न वेगळे ठेवणे

इतक्या संकल्पना शिकल्यानंतर विद्यार्थ्याच्या हाती जी सर्वांत उपयोगी गोष्ट येते, ती म्हणजे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू न देण्याची शिस्त. एखादी कृती कायद्याला धरून होती का, ती न्याय्य होती का, आणि ती शहाणपणाची होती का, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. गोव्याच्या बाबतीत कायद्याचा वाद खरा होता: सनदेची अक्षरे पोर्तुगालच्या बाजूने वाचता येत होती, आणि वसाहतीवर सार्वभौम हक्क असूच शकत नाही हा भारताचा युक्तिवाद नव्या जाहीरनाम्यावर उभा होता. साडेचारशे वर्षांच्या परकी अंमलातून लोकांची सुटका झाली, हे न्यायाचे पारडे जड करते. शहाणपणाचा प्रश्न परिणाम पाहून, म्हणजे अल्प जीवितहानी आणि पुढे मिळालेली मान्यता लक्षात घेऊन, सोडवावा लागतो.

या शिस्तीची खरी कसोटी मात्र आपल्या देशाचा संबंध नसलेल्या प्रकरणात लागते. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला. पंधरापैकी अकरा मते बाजूने पडली, भारतासह तीन देश तटस्थ राहिले, आणि रशियाच्या नकाराधिकारामुळे ठराव पडला. १९६१ प्रमाणेच बहुमत एका बाजूला आणि कायम सदस्याचे मत दुसऱ्या बाजूला होते, म्हणून दोन्ही घटना सारख्याच असा निष्कर्ष घाईने काढणारे पुष्कळ भेटतात. अभ्यासलेला विद्यार्थी आधी फरक मांडतो: १९६१ मध्ये नकाराधिकार वापरणारा देश स्वतः लढत नव्हता, २०२२ मध्ये लढणारा देश आणि नकाराधिकार वापरणारा देश एकच होता; गोवा ही दुसऱ्या खंडातील सत्तेची वसाहत होती, तर युक्रेन हे संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र सदस्य राष्ट्र आहे. मग तो साम्य मांडतो, आणि आपण गोव्यासाठी वापरलेली कसोटी येथेही तशीच लावली का, हे स्वतःला विचारतो.

मुंबईच्या बंदरातून ये-जा करणारा माल, आखाती देशांत काम करणारे कोकणी आणि मराठी कामगार, निर्यातीवर भाव ठरणारा कांदा आणि द्राक्षे, या सर्वांचे भवितव्य दूरच्या निर्णयांशी जोडलेले आहे, आणि त्या निर्णयांवर आपल्या सरकारने कोणती भूमिका घ्यावी हे लोकशाहीत अखेर मतदार ठरवतो. ज्या मतदाराला मित्रदेशाच्या आणि शत्रुदेशाच्या कृतीला एकच माप लावता येते, त्याला प्रचाराने सहज फिरवता येत नाही. परराष्ट्र खात्यात किंवा एखाद्या संशोधन संस्थेत नोकरी मिळो वा न मिळो, हे माप हातात येणे एवढ्यासाठीही या विषयावर खर्च केलेली वर्षे सार्थकी लागतात.